मोठी चाकं घातलेली जुनी पिकअप: बॅलन्सिंग करूनही थरथर परत का येते

तक्रार साधारण अशी असते. गाडी जुनी, जीपच्या घराण्यातली पिकअप किंवा कॅम्पर. मालकानं पंधरा इंची लोखंडी डिस्क (टायर जिच्यावर बसतो ती रिम) आणि २१५/७५ आर १५ टायर काढून सतरा इंची अलॉय आणि २६५/६५ आर १७ टायर बसवलेत. गाडी दिसायला भारदस्त झाली, पण ताशी ६०-६५ गाठले की स्टेअरिंग थरथरायला लागतं, ७५-८० ला हातात धरवत नाही आणि त्यापुढे पुन्हा जरा शांत होतं. टायरवाल्याकडे नेऊन बॅलन्सिंग केलं, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधला, चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या टायरवाल्याकडे नेलं तर त्यानं पहिल्याची वजनं उपटून आपली ठोकली. थरथर तशीच. शेवटी कुणीतरी सांगतं की टायरच खराब आहेत, आणि चांगले टायर निम्म्या किमतीत विकले जातात.

ते टायर विकायच्या आधी हे सगळं वाचा. अशा गाड्यांत बहुतेक वेळा चाक हबवर (ज्या फिरत्या भागावर ते नटांनी बसतं त्यावर) मधोमध बसलेलंच नसतं. वजनं कितीही अचूक ठोकली तरी चाक उतरवून पुन्हा चढवलं की ते वेगळ्या जागी बसतं आणि आधीचं सगळं काम फुकट जातं. म्हणूनच हा त्रास ‘परत परत’ येतो.

दोष चाकात की गाडीत

हे ठरवायला मशीन लागत नाही. मूळ लोखंडी डिस्क आणि जुने टायर तुमच्याकडे असतील (विकले नसतील अशी आशा आहे) तर पुढे तेवढीच दोन चढवा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी पळवून बघा. थरथर पूर्ण गेली तर दोष नव्या चाकांत किंवा त्यांच्या बसण्यात आहे. थोडी कमी झाली पण राहिली, तर गाडीचे सांधेही ढिले आहेत. जुन्या हलक्या चाकांवर ते लपून राहिले होते, एवढंच.

जुनी चाकं नसतील तर पुढची मागे आणि मागची पुढे करा. थरथर स्टेअरिंगमधून निघून सीटखाली आली, तर ती चाकांबरोबर फिरली. स्टेअरिंगमध्येच राहिली तर हब, बेरिंग, किंग पिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती खुंटी), टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) यांच्याकडे बघायचं. हा अदलाबदलीचा अर्धा तास वाचवायच्या नादात लोक हजारो रुपये घालवतात, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

मशीनवर बरोबर, गाडीवर चूक

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत चाकाचं मधलं भोक हबच्या गोल उंचवट्यावर अगदी घट्ट बसतं. चाकाचं केंद्र तो उंचवटा ठरवतो, नट फक्त दाबून धरतात. जुन्या पिकअपच्या लोखंडी डिस्कचा हिशोब उलटा आहे. तिथे मधलं भोक सैलसर असतं आणि केंद्र ठरवतात ते नट, कारण नटाचं निमुळतं तोंड डिस्कच्या निमुळत्या भोकात शिरतं आणि चाकाला ओढून मध्यावर आणतं.

बाजारात मिळणारं अलॉय अनेक गाड्यांना चालावं म्हणून त्याचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. समजा हब १०८ मिलिमीटरचा आहे आणि अलॉयचं भोक ११० चं. चाक लटकत असताना खालचा नट आधी आवळला, तर चाक १ मिलिमीटरपर्यंत एका बाजूला सरकलेलं राहू शकतं.

एका मिलिमीटरनं काय होतं? टायरसकट ३० किलोचं चाक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तरी तो असमतोल सतरा इंची रिमच्या काठावर चिकटवलेल्या सुमारे ७० ग्रॅम वजनाएवढा असतो. पूर्ण मिलिमीटर सरकलं तर १४० ग्रॅम. टायरवाला एकीकडे ५-१० ग्रॅमच्या वजनांशी झुंजत असतो आणि गाडीवर चाक चढवताना आपण शंभराच्या वर ग्रॅमचा घोळ करून ठेवतो. शिवाय सरकलेलं चाक वजनानं असमतोल होतंच, पण रस्त्यावर वर-खालीही उड्या मारतं.

आता बॅलन्सिंग मशीनकडे बघा. मशीन चाक पकडतं ते मधल्या भोकातून, कोन (शंकूच्या आकाराचा ठोकळा) घालून. म्हणजे मशीनवर चाक भोकाच्या केंद्राभोवती फिरतं आणि गाडीवर नटांच्या केंद्राभोवती. ही दोन केंद्रं एकच असतील तर प्रश्न नाही. स्वस्त अलॉयमध्ये ती एक असतीलच असं नाही, आणि लेथवर मधलं भोक वाढवून घेतलेल्या अलॉयमध्ये तर फारच क्वचित असतात. त्यामुळे मशीन शून्य दाखवतं आणि गाडी थरथरते. टायरवाला प्रामाणिक असतो, मशीनही खरं बोलत असतं, पण दोघांनी मोजलेलं केंद्र गाडीचं नसतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे हब रिंग: भोक आणि हब यांच्यातली फट भरून काढणारं कडं. हबचा बाहेरचा व्यास आणि अलॉयच्या भोकाचा आतला व्यास व्हर्निअरनं मोजा, पट्टीनं नको. तयार रिंग मिळाली तर उत्तम, नाहीतर चांगल्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या. माल वाहणाऱ्या गाडीला प्लॅस्टिकची रिंग मी बसवणार नाही; घाट उतरताना ड्रम तापतात आणि ती मऊ पडून तिचा आकार जातो. ग्रीसचा हलका हात फिरवून रिंग बसवली की पुढच्या वेळी चाक हबला चिकटून बसत नाही.

दुसरा उपाय टायरवाल्याकडे आहे. काही मशीनांबरोबर बोटं असलेली एक चकती मिळते. ती चाकाला मधल्या भोकाऐवजी नटांच्या भोकांतून पकडते. तालुक्याच्या ठिकाणी ती कमी दिसते, पुणे-कोल्हापूरच्या मोठ्या दुकानांत विचारून बघा. तीही नसेल, तर निदान कोन चाकाच्या आतल्या बाजूनं लावायला सांगा, कारण आतली कड सहसा जास्त अचूक कापलेली असते.

नट कुठे टेकतो

हब रिंग बसवूनही चाक दोन-चारशे किलोमीटरमध्ये ढिलं पडत असेल, तर नट काढून त्याच्या तोंडाकडे नीट बघा. काही नटांचं तोंड निमुळतं असतं, काहींचं गोलसर, आणि काही सपाट वॉशरवाले असतात. अलॉयच्या भोकाची बैठक ज्या आकाराची असेल, नटाचं तोंड त्याच आकाराचं हवं. निमुळता नट गोलसर बैठकीत घातला तर तो एका बारीक कडेवर टेकतो. आवळताना घट्ट लागतो, पण चालताना ती मऊ कड चेपते आणि नट सैल होतो.

तपासायची सोपी रीत अशी. नटाच्या तोंडावर मार्करची शाई लावा, हातानं आणि मग पान्यानं साधारण आवळा, सोडा आणि बघा. शाई पूर्ण रुंद पट्ट्यात पुसली गेली असेल तर बैठक जुळली. फक्त एक बारीक रेघ पुसली असेल तर तो नट तुमच्या अलॉयचा नाही. बैठकीवर रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा जाड थर असेल तोही आधी काढा, कारण तो थर दबला की नट तेवढाच सैल होतो.

आटेही पाहा. जुन्या जीपवंशी गाड्यांचे स्टड (हबवरचे बोल्ट, ज्यांवर नट चढतात) इंची मापाचे, अर्ध्या इंचाचे असतात. नवीन अलॉयबरोबर येणारे नट बहुधा मिलिमीटरच्या मापाचे. सुरुवातीला नट एखाद-दुसरा आटा गेल्यासारखा वाटतो आणि मग जड होतो. तिथेच थांबा. पान्याला पाइप लावून रेटला तर स्टडचे आटे जातात, आणि ते गेल्याचं कळतं ते रस्त्यावर. मूळ विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. फार जुनी गाडी असेल तर तेही लक्षात ठेवा, नाहीतर नट सोडतोय समजून आवळत बसाल.

स्टडवर नट किती चढतो हेही मोजायला हवं. अलॉयची बैठक लोखंडी डिस्कच्या पत्र्यापेक्षा बरीच जाड असते, त्यामुळे जुना स्टड आखूड पडतो. स्टडचा जो व्यास, निदान तेवढ्या लांबीचे आटे नटात गुंतले पाहिजेत. अर्ध्या इंचाच्या, इंचाला २० आटे असलेल्या स्टडवर म्हणजे नट हातानं साधारण दहा फेरे फिरला पाहिजे. चार-पाच फेऱ्यांत टेकत असेल तर लांब स्टड घाला. इथे तडजोड करू नका.

चढवण्याची रीत

हबचा सपाट चेहरा वायर ब्रशनं घासून गंज काढा. मागच्या ड्रमवर ड्रम धरून ठेवणारे स्क्रू असतात. त्यांचं डोकं वर आलं असेल तर लोखंडी डिस्कला तेवढी जागा मिळायची, अलॉयच्या सपाट पाठीला मिळत नाही. चाक त्या एका डोक्यावर अडकून तिरकं बसतं. हे दिसायला इतकं किरकोळ आहे की फार कमी जण बघतात. चाक चढवायच्या आधी त्याची पाठ हबवर नुसती टेकवून ते डुलतंय का ते बघा. डुललं तर कुठेतरी काहीतरी अडतंय.

मग चाक हातानं थोडं उचलून धरा, सगळे नट हातानं टेकेपर्यंत फिरवा, चाक हवेत असतानाच एक सोडून एक असे ताऱ्याच्या क्रमानं अर्धवट आवळा आणि नंतर जॅक उतरवून टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं) शेवटचं आवळा. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. हवेच्या बंदुकीनं पहिलाच नट पूर्ण ठोकला की चाक जिथे होतं तिथेच अडकतं, उरलेल्या नटांना ते मध्यावर आणता येत नाही. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

आता चाक फिरवून बघायचं. जॅकस्टँडजवळ एक जाड तार रोवून तिचं टोक रिमच्या कडेपासून केसभर लांब ठेवा आणि चाक हातानं सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होते ती वर-खाली आणि आत-बाहेर दोन्ही दिशांनी बघा. रिमवर १ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर ठीक. जास्त असेल तर नट सोडून चाक एका स्टडपुढे फिरवून बसवा आणि परत बघा. उंच जागा त्याच स्टडपाशी राहिली तर हब वाकडा आहे, चाकाबरोबर फिरली तर रिम आउट आहे.

भोकं जुळतात म्हणजे चाक बसतं असं नाही

१९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि तिच्याबरोबर पाच स्टडांचं साडेपाच इंची वर्तुळ आलं. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर. मारुती जिप्सीलाही हेच वर्तुळ होतं, म्हणून जिप्सी आणि जीपवाले एकमेकांच्या चाकांकडे बघत आले. तुमच्या गाडीचं तेच आहे का, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. पाच स्टडांत समोरासमोर स्टड येत नाहीत, त्यामुळे थेट व्यास मोजता येत नाही. एका स्टडच्या मध्यापासून शेजारचा सोडून पलीकडच्या स्टडच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्याला ०.९५१ नं भागा. हे अंतर जवळजवळ १३३ मिलिमीटर आलं तर वर्तुळ १३९.७ चं.

फॉर्च्युनर, हायलक्स, इसुझू डी-मॅक्स यांचं वर्तुळही १३९.७ चंच आहे, पण स्टड सहा. आकडा सारखा दिसला म्हणून लोक ही चाकं उचलतात आणि मग लेथवर नेऊन सहाच्या मध्ये पाच नवी भोकं पाडून घेतात. हे करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. अलॉयच्या मधल्या भागात धातू कुठे जाड, कुठे पातळ ठेवायचा हे मूळ भोकांच्या हिशोबानं ठरलेलं असतं. नवं भोक जुन्याच्या काठाला आलं की तिथे तडा सुरू होतो, आणि टनभर माल असलेल्या गाडीखाली तो वाढायला वेळ लागत नाही. सहाचे पाच करणारे अ‍ॅडॅप्टरही माल वाहणाऱ्या गाडीला मी सुचवणार नाही.

ऑफसेट, म्हणजे चाक किती बाहेर उभं राहतं

थरथर गेल्यावर किंवा तिच्याबरोबरच दुसरी तक्रार येते: स्टेअरिंग जड झालं, खड्ड्यात चाक गेलं की हातातून हिसका बसतो, पुढची बेरिंग लवकर आवाज करायला लागली. याचं मूळ ऑफसेटमध्ये असतं.

चाक पालथं टाका म्हणजे आतली बाजू वर येईल. रिमच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या चेहऱ्यापर्यंत खोली मोजा. ही झाली मागची खोली. समजा जुनी डिस्क सहा इंची आहे. कडा धरून तिची एकूण रुंदी साधारण सात इंच. मागची खोली साडेचार इंच निघाली तर बाहेर अडीच इंच राहतात. आता आठ इंची अलॉय घेतलं, कडा धरून नऊ इंच, आणि त्याचीही मागची खोली साडेचार इंच असली, तर बाहेर साडेचार इंच राहणार. आतली बाजू जिथे होती तिथेच, पण बाहेरची कड दोन इंच म्हणजे ५१ मिलिमीटर पुढे गेली.

दिसायला हेच लोकांना आवडतं. पण चाकाची मध्यरेषा एक इंच बाहेर सरकली, म्हणजे बाहेरच्या बेरिंगवरचा भार वाढला. किंग पिनची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथून टायरचा मध्य लांब गेला, म्हणजे प्रत्येक खड्डा स्टेअरिंग जास्त जोरानं फिरवणार. त्या हिसक्यांनी टाय रॉडचे सांधे झिजतात, आणि झिजलेल्या सांध्यांनी थरथर पुन्हा सुरू होते. इतकं सगळं नीट केल्यावरही सहा महिन्यांनी त्रास परत येतो तो या वाटेनं.

उलट बाजूला, नव्या गाड्यांच्या अलॉयची मागची खोली बरीच जास्त असते. तसं चाक जुन्या गाडीवर आत घुसतं आणि पाट्याला (लीफ स्प्रिंगला), टाय रॉडच्या टोकाला किंवा ब्रेकच्या नळीला टेकतं. तेव्हा लोक स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामधली जाड चकती, घालतात. नुसती सरकवायची चकती घातली तर स्टड आखूड पडतो आणि चाकाला हबचा आधारही राहत नाही. घालायचाच असेल तर हबवर स्वतः नटांनी बसणारा, हब आणि चाक दोघांनाही मधोमध धरणारा स्पेसर घ्या. योग्य ऑफसेटचं चाक शोधणं याहून नेहमीच बरं.

मूळ मध्यरेषेपासून १०-१५ मिलिमीटरच्या आत राहा, एवढंच मी सांगेन. त्यासाठी आठऐवजी सात इंची रिम घ्यावी लागली तर घ्या.

घासण्याचा आवाज

टायरच्या खांद्याला खडू फासा, स्टेअरिंग एका टोकाला पूर्ण फिरवा आणि एक चाक दगडावर चढवा. खडू जिथे उमटेल तिथे टायर लागतोय. सपाट जमिनीवर रिकामी गाडी फिरवून ‘कुठेच लागत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. मागच्या टायरची तपासणी तर माल भरूनच करायची, कारण पाटे बसल्यावर हौद्याचा तळ किती खाली येतो ते रिकाम्या गाडीत कळत नाही.

मडगार्डच्या कडेला लागत असेल तर कड आत वळवता येते. पाट्याला लागत असेल तर नकलवरचा (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्यावरचा) स्टॉपर बोल्ट थोडा बाहेर काढा. वळण थोडं मोठं होईल, पण टायर वाचेल. ब्रेकच्या नळीला लागत असेल तर गाडी तिथेच उभी करा, नळीचा मार्ग बदलल्याशिवाय हलवू नका.

जुने सांधे

पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे असतील तर चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ दिसला की मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेरिंगचा, राहिला तर किंग पिनचा. पुढे बॉल जॉइंट असतील तर तिथेही हीच रीत चालते. डावी-उजवीकडे हलवून टाय रॉडचे टोक आणि स्टेअरिंग बॉक्स बघा. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी स्टेअरिंग थोडं थोडं फिरवायला लावा आणि खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. ढिला सांधा बोटाला कळतो.

गाडी उंच करायला शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) लांब केली असेल किंवा पाटा वाढवला असेल, तर अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि किंग पिनचा मागे झुकाव बदलतो. तो कमी झाला की गाडी सरळ चालत नाही, खड्डा लागल्यावर चाकं फडफडतात. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात योग्य कोनाची पाचर बसवून तो परत आणता येतो. नुसता स्टेअरिंग डॅम्पर लावू नका. डॅम्परनं फडफड दबते, झीज चालूच राहते.

व्यास वाढल्यावर

२१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो आणि २६५/६५ आर १७ चा ७७६. वाढ दहा टक्क्यांहून थोडी जास्त. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ नं पळत असेल. किलोमीटरही कमी नोंदले जातील, म्हणून ‘अ‍ॅव्हरेज पडलं’ अशी ओरड करण्याआधी काट्याचे किलोमीटर १.१० नं गुणा.

ओढ मात्र खरंच कमी होते, सगळ्याच गिअरमध्ये नऊ टक्क्यांच्या वर. आंबोली किंवा खंबाटकी भरल्या गाडीनं चढताना जिथे तिसरा पुरायचा तिथे दुसरा लागेल, आणि चढावर गाडी उचलताना क्लच जास्त घासेल. क्लचचा वास यायला लागला तर क्लचप्लेट खराब निघाली असं समजू नका. माल वाहायचा असेल तर २३५/७५ आर १५ वर थांबा. व्यास ७३३.५, वाढ चार टक्के, आणि जुनीच पंधरा इंची रिम चालू शकते. फक्त ती रिम ट्यूबवाल्या काळातली असेल तर ट्यूबलेस टायर आत धरून ठेवणारा उंचवटा तिला नसतो, तेव्हा ट्यूब घालूनच चालवा.

ब्रेकबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. ड्रम तोच, लायनर तेच, पायाचा जोर तोच, पण चाकाची त्रिज्या वाढली. त्यामुळे रस्त्यावर मिळणारा रोध तेवढाच, नऊ टक्क्यांहून जास्त कमी होतो. चाकं जड झाल्यानं त्यांना थांबवायलाही जास्त जोर लागतो. अनेक पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. हौदा खाली बसला की व्हॉल्व्हला माल आहे असं कळतं आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही शॅकल लांब करून मागचा भाग उचललात, तर तो व्हॉल्व्ह भरलेली गाडीही रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाटात उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. मागचं सस्पेन्शन उंच केलं असेल तर त्या दांडीचं सेटिंग पुन्हा करून घ्याच.

भार आणि कागद

टायरवर मापानंतर एक आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, ११२ म्हणजे १,१२०. मोठ्या टायरचा आकडा सहसा पुरतो. गोची अलॉयमध्ये होते. अलॉयच्या पाठीवर किंवा आऱ्याच्या आत किलोत आकडा कोरलेला असतो, अनेकदा ६९०. मागच्या अ‍ॅक्सलवर माल धरून १,८०० किलो येत असतील तर एका चाकावर ९०० आले. ६९० चं अलॉय तिथे चालणार नाही, ते कितीही महाग असो. ज्यावर असा आकडाच नाही ते अलॉय माल वाहणाऱ्या गाडीला घेऊ नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. व्यावसायिक पिकअपला पासिंगला जावंच लागतं. मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं तिथे अडतात आणि अपघातानंतर विमावाल्याला कारण मिळतं. उत्पादकानं त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेलं माप निवडलं तर ही डोकेदुखी बरीच कमी होते.

राहिली स्टेपनी. सतरा इंची चाक हौद्याखालच्या जागेत बहुधा मावत नाही, म्हणून तिथे जुनी पंधरा इंचीच राहते. ती लागते निमुळत्या जुन्या नटांनी, आणि ते नट लोकांनी अलॉय बसवल्या दिवशीच फेकून दिलेले असतात. एका चाकाचे जुने पाच नट पिशवीत घालून टूलकिटमध्ये ठेवा. लांब स्टड घातले असतील तर ते नट डिस्कला टेकेपर्यंत जातात का, हे घरीच बघा. बंद तोंडाचा नट लांब स्टडवर तळाला लागतो आणि डिस्क सैलच राहते. मूळ जॅकची उंचीही तपासा, कारण मोठ्या टायरसाठी गाडी आधीपेक्षा जास्त उचलावी लागते आणि जुना जॅक तिथवर पोचत नाही. खाली ठेवायला जाड लाकडी ठोकळा बरोबर असू द्या. चार चाकांची ओढ असलेली गाडी असेल तर व्यास वेगळा असलेली स्टेपनी लावून डांबरी रस्त्यावर पुढची ओढ जोडू नका.